एका रेशमाचा माग

जपानी चित्रकलेत घडीच्या पडद्यांचा ‘तागासोदे’ नावाचा एक प्रकार आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत असे पडदे रंगवले गेले. सोन्याच्या वर्खाच्या जमिनीवर लाखेची दांडी काढलेली असते, आणि तिच्यावर चार-पाच पोशाख टाकलेले असतात. ते पोशाख घालणारी व्यक्ती चित्रात कुठेच नसते. चित्रकाराने सगळे कसब कापडावर वेचलेले असते: एकावर फुलांचे झुबके, दुसऱ्यावर आडवे पट्टे, तिसऱ्याच्या आत दुमडून दिसणारे तांबडे अस्तर. किमोनोचा हा पूर्वज, म्हणजे कोसोदे, निव्वळ कापड म्हणून किती देखणा होता, हे समजायला या पडद्यांइतका चांगला पुरावा नाही.

कापड इतके जवळून पाहायची सवय लागली की ते कुठून आले हा प्रश्न सुटत नाही. त्या काळच्या जपानी रेशमाचे पुष्कळसे सूत चीनचे होते, हे सर्वांना माहीत आहे. त्याच व्यापारात आपल्या किनाऱ्याचाही एक धागा होता, हे मात्र ठाणे-कल्याणच्या स्थानिक इतिहासात सहसा लिहिले जात नाही. तो धागा कागदपत्रांतून जेवढा हाती लागतो तेवढा इथे मांडतो आहे.

जपानी वस्त्रकोशांत ‘चाऊ’ किंवा ‘चाऊजिमा’ अशी एका कापडाची नोंद आहे. हे कापड भारतातल्या चौलचे, पातळ, रेशमी. पोर्तुगीजांनी ते जपानात आणले. पुरुषांच्या हाकामासाठी, म्हणजे किमोनोवरून कमरेला बांधायच्या चुणीदार घेरासाठी, ते वापरले जाई. पुढे तेन्ना कालखंडात, म्हणजे १६८१ ते १६८४ च्या दरम्यान, क्योटोच्या विणकरांनी ते स्वतःच्या मागावर विणले. एवढीच ती नोंद. चौल म्हणजे अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिकेच्या मुखाशी असलेले आपले चौल-रेवदंडा.

पण कापडाच्या नावावरून इतिहास लिहिणे धोक्याचे असते. मालाला गावाचे नाव चिकटते, आणि माल दुसरीकडे तयार होऊ लागला तरी ते नाव सुटत नाही. जपानात ‘सांतोमे’ हे मद्रासजवळच्या साओ तोमेवरून आलेले नाव आणि ‘बेंगारा’ हे बंगालवरून आलेले नाव पुढे जपानी मागांवरच्या कापडांनाही लागले. म्हणून चाऊची नोंद पुरावा म्हणून वापरण्याआधी ती इतर कागदांवर घासून पाहिली पाहिजे.

कापडासाठी या किनाऱ्याचे नाव फार जुने आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याणचे व्यापारी दाते म्हणून येतात, चौलही ‘चेमुल’ या नावाने येते, आणि भिक्षूंच्या चीवरांसाठी ठेवलेल्या अक्षय निधींच्या नोंदी आहेत. सहाव्या शतकात कॉस्मस या ग्रीक व्यापारी-भिक्षूने पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांची माहिती लिहिली. त्यात कल्याणहून तांबे, लाकूड आणि पोशाखासाठीचे कापड बाहेर जाते असे तो सांगतो. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याच्या व्यापारात कमावलेले कातडे आणि सुती कापड मोजतो. १५३८ मध्ये जुआंव द कास्त्रो हा पोर्तुगीज आरमारी अधिकारी ठाण्याच्या खाडीत आला. त्याच्या रोजनाम्यात ठाणे हे लढायांत उजाड झालेले मोठे शहर आहे. जरीच्या कापडाचे शेकडो आणि साध्या कापडाचे हजारावर माग तिथे एकेकाळी होते, असे त्याने ऐकून लिहून ठेवले. या नोंदी लिहिणाऱ्या माणसांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता आणि त्यांच्यात शतकांचे अंतर आहे. तरी त्या एकच गोष्ट सांगतात: खाडीच्या दोन्ही काठांवर पोशाखाचे कापड विणणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते.

ठाण्यातले माग थंडावले त्याच शतकात चौलचे माग जोरात चालू होते. इथे आपल्याला तीन साक्षीदार मिळतात आणि तिघेही डोळस आहेत. पहिला यान ह्युइखेन व्हान लिन्सखोटेन. हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी नोकरीला आला आणि पाच वर्षे राहिला. त्याचे पुस्तक १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापले गेले. पोर्तुगीज चौलला लागूनच देशी लोकांचे एक नगर आहे, असे तो लिहितो. हे निजामशाहीतले वरचे चौल. तिथे चीनहून आलेले कच्चे रेशीम कातून त्याची नाना प्रकारची वस्त्रे विणतात, त्यांत साटीन आहे, ताफ्ता आहे, आणि भारतभर व शेजारच्या मुलखांना पुरेल इतका माल निघतो. दुसरा साक्षीदार राल्फ फिच, इंग्रज व्यापारी. तो नोव्हेंबर १५८३ मध्ये ओर्मुझहून कैदी म्हणून गोव्याला नेला जाताना वाटेत चौलला थांबला. एक पोर्तुगिजांचे आणि एक मुसलमानांचे अशी दोन चौले त्यानेही पाहिली, आणि तिथल्या व्यापारात रेशीम व रेशमी कापड नोंदवले. तिसरा फ्रेंच खलाशी पिरार द लावाल. तो सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोव्यात होता. गोव्याला आणि जवळजवळ सगळ्या भारताला रेशमी वस्त्र पुरवण्याइतकी चौलची क्षमता आहे, आणि गोव्यात या कापडाला मोठा मान आहे, असे त्याचे म्हणणे.

लिन्सखोटेनच्या नोंदीत सगळ्यात मोलाचा तपशील कच्च्या रेशमाचा आहे. चौलचे विणकर चिनी सुतावर काम करत होते. म्हणजे चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावहून गोव्याकडे येणाऱ्या जहाजांशी त्यांचा धंदा आधीच बांधलेला होता. तीच मकाव-गोवा वाट दुसऱ्या टोकाला नागासाकीला जोडलेली होती. १५७१ मध्ये नागासाकीचे बंदर पोर्तुगीज जहाजांना खुले झाले, आणि पुढची अडुसष्ट वर्षे मकावचे मोठे जहाज जवळपास दरसाल तिथे जात राहिले. या व्यापाराचे नेमके वर्णन पुन्हा फिचच करतो. जपानकडे जाताना पांढरे रेशीम, सोने, कस्तुरी, चिनी मातीची भांडी जातात. येताना जहाज फक्त चांदी आणते, आणि ती दरवर्षी सहा लाख क्रुझाडोंवर असते. चौलचा बाजार आणि जपानची चांदी, दोन्ही एकाच माणसाच्या एकाच प्रवासवृत्तात येतात. इतिहास लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवे असते!

१५८३ सालच्या अखेरीचा गोवा मला फार महत्त्वाचा वाटतो. फिच तिथे तुरुंगात होता. त्याला व त्याच्या सोबत्यांना जामीन मिळावा म्हणून लिन्सखोटेनने मध्यस्थी केली. आणि त्याच दिवसांत गोव्यात चार जपानी किशोर येऊन उतरले होते. क्यूशू बेटावरच्या तीन ख्रिस्ती सरदारांनी पोपकडे पाठवलेली ही मंडळी. त्यांचा प्रमुख इतो मान्सियो. अलेस्सांद्रो वालिन्यानो या इटालियन जेझुइटाने ही मोहीम आखली होती. १५८२ मध्ये ते नागासाकीहून निघाले होते. पुढे नोव्हेंबर १५८४ मध्ये माद्रिदला राजा फेलिपे दुसरा आणि मार्च १५८५ मध्ये रोमला पोप तेरावा ग्रेगरी, या दोन्ही भेटींना ते जपानी पोशाखात गेले. परतीच्या वाटेवर १५८७-८८ मध्ये ते पुन्हा गोव्यात राहिले. लिन्सखोटेनने आपल्या पुस्तकात त्यांचीही दखल घेतली आहे. चौलच्या मागांचे आणि किमोनो घालणाऱ्या मुलांचे वर्णन करणारी लेखणी एकच आहे. युरोपने किमोनो पाहिला त्याआधी तो कोकणच्या दाराशी येऊन गेला होता.

या मुलांच्या परतीबरोबर एक कागद जपानला गेला, आणि तो आजही आहे. गोव्याचा व्हाइसरॉय दुआर्ते द मेनेझेस याने एप्रिल १५८८ मध्ये जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला लिहिलेले पत्र. चर्मपत्रावर, कडेला रंगीत नक्षी. वालिन्यानोने ते १५९१ मध्ये क्योटोच्या जुराकुदाई महालात हिदेयोशीच्या हाती दिले. सोबत चिलखते, तलवारी, बंदुका, एक तंबू आणि अरबी घोडा अशा भेटी होत्या. क्योटोच्या म्योहोइन मठाने हे पत्र जपले आहे आणि जपानने त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून मान दिला आहे. गोव्याच्या कचेरीत लिहिलेला कागद क्योटोच्या मठात चारशेहून अधिक वर्षे सुखरूप राहतो, ही गोष्ट आपल्या दफ्तरखान्यांची अवस्था पाहिलेल्या माणसाच्या मनाला लागते.

परदेशी कापड जपानी लोक अंगावर घालत होते का, याचा पुरावा त्याच शहरात, कोदाइजी मठात आहे. हिदेयोशीचा म्हणून जतन केलेला एक जिनबाओरी, म्हणजे चिलखतावरून घालायचा बिनबाह्यांचा झगा. पशुपक्ष्यांची नक्षी असलेले इराणी रेशमी विणकाम कापून तो शिवला आहे. मूळ विणकाम जमिनीवर किंवा भिंतीवर पसरायच्या कामाचे; क्योटोच्या शिंप्याने त्याचा पोशाख केला. इराणचा माल ओर्मुझ-गोवा-मकाव याच पोर्तुगीज जलमार्गावरचा. म्हणजे जपानच्या सर्वोच्च सत्ताधाऱ्याला अरबी समुद्राकडून आलेले कापड आपल्या पद्धतीने कापून घालण्यात भूषण वाटत होते. वरच्यांनी केले की खालचे करतात, हे कापडाच्या बाबतीत सगळीकडे खरे ठरते.

चित्रांतही हे दिसते. कानो नाइझेन (१५७०–१६१६) याने रंगवलेली पडद्यांची जोडी कोबेच्या नगर संग्रहालयात आहे. उजव्या पडद्यावर पोर्तुगीज जहाज जपानी बंदराला लागलेले आहे, आणि फुगीर विजारी घातलेला कप्तान छत्रीखाली चालतो आहे. डाव्यावर ते जहाज परदेशी बंदरातून निघते आहे. तिथे हत्ती आहे. नाइझेनने गोवा किंवा मकाव पाहिलेला नव्हता, इमारती त्याने चिनी चित्रांवरून काढल्या. हत्ती मात्र त्याने भारताच्या ओढीने काढला असे मला वाटते. या पडद्यांकडे बहुतेक लोक परदेशी पाहुण्यांसाठी पाहतात. माझी नजर काठावर उभ्या असलेल्या जपानी बघ्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांवर आणि चुण्यांवर राहते. नारा इथल्या यामातो बुन्काकान संग्रहालयातल्या ‘मात्सुउरा’ पडद्यावर तर परदेशी माणूसही उरलेला नाही. सोनेरी जमिनीवर भरजरी कोसोदे ल्यालेल्या स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या काही पोर्तुगीज पद्धतीचे पत्ते खेळत आहेत. समुद्रापलीकडची वस्तू त्या घरात इतकी मुरली आहे की तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही.

लिन्सखोटेनने आपल्याला चौल आणि जपान एकत्र दिले, तसे काम जपानच्या टोकाला लुईस फ्रोइस या पोर्तुगीज जेझुइटाने केले. तो १५४८ मध्ये गोव्याला आला, १५६३ मध्ये जपानला पोहोचला आणि १५९७ मध्ये नागासाकीला वारला. १५८५ मध्ये त्याने युरोपीय आणि जपानी रीतिभातींची तुलना करणारी छोटी वही लिहिली. ती तीन शतकांहून अधिक काळ अज्ञात होती; १९४६ मध्ये माद्रिदच्या इतिहास अकादमीत तिचे हस्तलिखित सापडले आणि १९५५ मध्ये ती छापली गेली. पहिलेच प्रकरण पुरुषांच्या पोशाखाचे आहे. जपानी माणसे वर्षातून तीनदा पोशाख बदलतात, असे तो नोंदवतो: उन्हाळ्यात काताबिरा, शरदात आवासे, हिवाळ्यात किमोनो. रंगीत चित्रे असलेला पोशाख युरोपात कुणी घातला तर त्याला खुळा म्हणतील, जपानात तो सर्रास घालतात, असेही निरीक्षण आहे. ऋतूनुसार कापड बदलण्याचा हा तपशील आपल्या दृष्टीने मोठा आहे. वर्षभर एकच वस्त्र न चालवणाऱ्या समाजाला वेगवेगळ्या जाडीचे, वेगवेगळ्या पोताचे कापड सतत लागते, आणि पातळ रेशमाला तिथे हक्काचे गिऱ्हाईक असते.

फ्रोइसचे शेवटचे मोठे लिखाण ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवलेल्या सव्वीस ख्रिस्ती लोकांबद्दल आहे. त्यांत एक वसईचा होता. गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई वसईची. वसई २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती, तेव्हा आमच्या जिल्ह्यातून जपानला गेलेला पहिला नामवंत माणूस हाच. जेझुइटांच्या हाताखाली शिकून तो १५७२ च्या सुमारास, कोवळ्या वयात, जपानला गेला. तिथली भाषा त्याने इतकी आत्मसात केली की पुढे फ्रान्सिस्कन बंधू झाल्यावर, १५९३ मध्ये, खुद्द हिदेयोशीसमोर तो दुभाष्या म्हणून उभा राहिला. मधल्या काळात त्याने जपान, मकाव आणि मनिला या बंदरांतून व्यापारही केला. तो जपानला गेला तेव्हा तिथे पोशाखाचा एक वाद ताजा होता. जपानमधले जेझुइट रेशमी किमोनो घालू लागले होते. १५७० मध्ये आलेल्या फ्रान्सिस्को काब्राल या प्रमुखाने ते बंद करून काळे सुती झगे सक्तीचे केले. गोन्सालो ज्यांच्यासोबत वाढला ते गुरू रेशीम सोडलेले होते, आणि भोवतालचा समाज रेशमाने उजळलेला होता. १८६२ मध्ये रोमने त्याला संतपद दिले. निशिझाका टेकडीवर १९६२ मध्ये उभारलेल्या, शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांच्या कांस्यशिल्पात सव्वीस आकृती ओळीने उभ्या आहेत, त्यांत हा वसईकरही आहे.

आता पुन्हा चाऊकडे. नाव, वाट आणि गिऱ्हाईक जुळले. कापडाची जातही जुळते का, ही खरी परीक्षा. जपानी नोंदी चाऊला ‘कोहाकु’ विणीत घालतात. ही साध्या विणीचीच एक तऱ्हा. ताणा दाट असतो आणि बाणा त्याहून जाड, त्यामुळे अंगावर बारीक आडव्या रेघा उठतात. कापड पातळ असूनही ताठ राहते, हलताना सळसळते. आपण ज्याला ताफ्ता म्हणतो त्याच कुळातली ही वीण, आणि लिन्सखोटेनच्या चौलच्या यादीत ताफ्ता आहे. माझ्या मते सगळ्यांत भक्कम दुवा हाच. नाव फसवू शकते. ताण्या-बाण्याची रचना सहसा फसवत नाही.

हाकामासाठीच ते का निवडले गेले, हेही यातून कळते. किमोनो सरळ रेषांत कापतात. सुमारे छत्तीस सेंटिमीटर रुंदीचा आणि बारा मीटर लांबीचा एक तागा घेऊन त्याचे सरळ तुकडे पाडतात, आणि वळणावर कात्री जवळपास चालतच नाही. अंगाचा आकार शिलाईने येत नाही, बांधण्याने येतो. आपली नऊवारी जशी नेसणाऱ्याच्या हातांनी उभी राहते तसेच हे आहे. हाकामाची गोष्ट निराळी. त्याला पुढे पाच आणि मागे दोन चुण्या असतात, आणि दिवसभर उठबस करूनही त्या मोडता कामा नयेत. मऊ रेशीम तिथे लोळते, जाड जर जड होते. पातळ, ताठ, आडव्या रेघेचे कापड चुणी धरते. सामुराईच्या कमरेखालची जी धारदार घडी नंतरच्या शंभर चित्रांतून आपण पाहतो, ती चांगली दिसायला असेच कापड लागते. चौलच्या विणकराला हाकामा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने ताफ्ता विणला. त्याचा नेमका उपयोग कशात आहे ते क्योटोच्या शिंप्याने हेरले. सौंदर्याचा मान या दोघांमध्ये वाटून द्यावा लागेल.

१६३९ मध्ये जपानने पोर्तुगिजांना कायमचे बाहेर काढले. डच राहिले, १६४१ पासून नागासाकीच्या देजिमा बेटावर कोंडलेले, आणि त्यांचा भर कोरोमंडल, बंगाल, गुजरात इकडच्या मालावर होता. पोर्तुगीज चौलचे बंदर ओस पडत गेले. वरच्या चौलच्या विणकरांनी काय केले ते इंग्रजी कागदांवरून कळते. मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आल्यावर, १६७० च्या आसपास, चौलचे रेशीम विणकर तिथे आले आणि त्यांच्या वसाहतीसाठी जकातघराजवळ रस्ता आखण्याचा हुकूम निघाला. मुंबईच्या अगदी पहिल्या रस्त्यांपैकी एक चौलच्या मागांसाठी बांधला गेला, हे मुंबईकरांनाही सहसा ठाऊक नसते.

याच्या दहा-पंधरा वर्षांनी क्योटोच्या मागावर चाऊ उतरले. हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही, आणि त्याला जपानच्या बाजूनेही कारणे आहेत. १६८३ मध्ये शोगुनच्या सरकारने स्त्रियांच्या पोशाखावरची सोन्याची जर, भरतकाम आणि अंगभर बांधणी यांवर बंदी घातली. १६८५ मध्ये नागासाकीच्या व्यापारावर वार्षिक मर्यादा आली: चिन्यांना सहा हजार कान (हे जपानी वजन) चांदीचा व्यवहार, डचांना तीन हजार. देशातली चांदी रेशमापायी बाहेर जाते, ही चिंता त्यामागे होती. बाहेरचा माल महाग आणि दुर्मिळ होत असताना क्योटोच्या निशिजिन पेठेतले विणकर एकेक परदेशी वीण उकलून आपलीशी करत होते. चाऊ ही त्यांतली एक. हिशिकावा मोरोनोबूने मागे वळून पाहणाऱ्या, तांबड्या किमोनोतल्या स्त्रीचे ते सुप्रसिद्ध चित्र याच पिढीत काढले. १६९४ मध्ये तो वारला. जपानी चित्रातला पोशाख पुरता जपानी झाला तो या काळात, आणि त्या जपानीपणात बाहेरून आलेल्या विणींचे शिक्षण जिरलेले होते.

आपल्या बाजूला १७३७ मध्ये ठाणे, १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली, आणि १७४० मध्ये चौलही पोर्तुगिजांच्या हातून गेले. ठाण्यात रेशीम विणणारी ख्रिस्ती कुटुंबे त्यानंतरही टिकली. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने त्यांच्या उतरत्या धंद्याची नोंद घेतली आहे. त्या कुटुंबांच्या मागावर तेव्हा काय विणले जात होते, आणि क्योटोत त्याच साली चाऊ नावाने काय विकले जात होते, हे दोन तागे शेजारी ठेवून पाहणाऱ्याला चुणी धरणारी तीच आडवी रेघ दोन्हीकडे शोधावी लागेल.